कोळसा पुरला

हवेतला कार्बन आपण स्वतः कमी करायचा, असं मी यंदा माघात ठरवलं. (घरातली जळमटं कमी करायचं त्याआधी ठरलं होतं, ते राहिलं.) मोबाईलवर पाहिलं होतं, कपाशी वाढताना हवेतला कार्बन ओढून घेते. तिची पऱ्हाटी, म्हणजे वेचणीनंतर उरलेली वाळकी झाडं, उघड्यावर पेटवली की तो परत आभाळात जातो. झाकणाच्या ड्रममध्ये कोंडून जाळली तर मात्र कोळसा होतो, आणि तो मातीत पुरला की कार्बन शेकडो वर्षं तिथंच राहतो.

आमचे शेतशेजारी हरिचंद दरवर्षी पऱ्हाटी बांधावर पेटवतात. यंदाही ढीग रचून तयार होता. मी विनवण्या केल्या तेव्हा म्हणाले, रविवारी येतो, पुरलेला कोळसा दाखवा. पटलं तर ढीग तुमचा, न्हाई तर देतो पेटवून. त्या ढिगासाठी माझा जीव खरंच तुटत होता.

शनिवारी नेमका सेनगावला ऑफिसात अडकलो. मी ड्रममध्ये केलेल्या कोळशाचं पोतं वांग्याच्या वाफ्यांत पुरायचं होतं, ते घरीच राहिलं. येताना जीपमधून बायकोला, म्हणजे निताला, फोन लावला. रेंज जात-येत होती, म्हणून थोडक्यात सांगितलं, “कोळसा आज पुरला पाहिजे.”

“पुरंल की,” ती म्हणाली.

घरी तिच्या माहेरची माणसं औंढ्याचं दर्शन करून जेवायला थांबली होती. कोळशाचं विचारलं तर म्हणाली, बराबर पुरला. अशी बायको मिळायला नशीब लागतं, असं मी मेव्हण्यांसमोर बोलूनही दाखवलं.

रविवारी हरिचंदांसमोर मी वांग्याचे वाफे खणले. एक खणला, दुसरा खणला. वांगी आडवी झाली, कोळसा काही निघेना. निता धावत आली.

“काय शोधून राहिले?”

“कोळसा. फोनवर सांगितलं होतं ना मी? तूच म्हणालीस ना, पुरला म्हणून?”

“पुरलाच की. गॅस संपला व्हता, शेगडी पेटवली. शेवटच्या भाकरीपर्यंत पुरला.”

मी हवेतून उतरवलेला कार्बन मेव्हण्यांच्या भाकरीखालून परत आभाळात गेला होता. हरिचंद हसून हसून बांधावर बसले. मी रडायचाच बाकी होतो.

“मागच्या खेपेचा चुरा मी मेथीत कालवला व्हता,” निता म्हणाली. “तो दाखवा त्यायला.”

हरिचंदांनी मेथीच्या मातीत बोटं खुपसली, मग शेजारच्या, चुरा नसलेल्या वाफ्यात. पाणी दोन्हीला एकाच दिवशी दिलं होतं. शेजारचा वाफा कोरडा पडला होता.

“ओल धरून राहिली की ही,” ते म्हणाले. “ढीग तुमचा. आता पेटवनं बंद.”

मला इतका आनंद झाला की मातीच्या हातांनीच त्यांचे हात धरले. म्हटलं, आता सगळ्या गावाला मी समजावतो.

“ते वहिनी समजावतील,” हरिचंद म्हणाले. “तुमी फक्त कोनाला फोन करू नका.”