आमच्या घराण्यात कुणालाच काही नाही

फॉर्म भरताना 'आहे' लिहावं की 'नाही', असा प्रश्न पडला की मी 'नाही' लिहितो. नगरजवळच्या नागापूर एमआयडीसीत एका कंपनीच्या स्टोअरमध्ये मी चौदा वर्षं क्लार्क आहे. 'आहे' म्हटलं की उठून शोधून द्यावं लागतं, 'नाही' म्हटलं की समोरचा आपोआप जातो. नोकरीत हे धोरण मला फार फळलं. ते दवाखान्यातही वापरायचं ठरवलं आणि तिथंच माझं चुकलं.

आमचा अनीश आठ वर्षांचा. वर्षभर त्याचं जेवण म्हणजे दीड तासाचा कार्यक्रम झाला होता. एक घास, अर्धा ग्लास पाणी, मग छताकडे बघत बसणं. भाकरी नको, चपाती नको, मटण तर समोरसुद्धा नको. स्नेहल म्हणायची, नखरे आहेत. माझी आई, बनुबाई, रोज मीठ-मोहरीनं त्याची दृष्ट काढायची. शेवटी वजनाचा काटा दोन किलो खाली गेला, तेव्हा आम्ही सगळे नगरमधल्या एका मुलांच्या पोटविकारतज्ज्ञ मॅडमकडे गेलो.

मॅडमना भेटण्याआधी फॉर्म. घरात कुणाला दमा आहे का? इसब? सारख्या शिंका? खाण्याची ॲलर्जी? घास अडकण्याचा त्रास? माझ्या डाव्या खांद्यावरून स्नेहल वाचत होती, उजव्या खांद्यावरून आई. आईचं काही लिहावं तर घरी राहणं मुश्कील, बायकोच्या माहेरचं लिहावं तर घरी जाणंच मुश्कील. मी वरपासून खालपर्यंत 'नाही' लिहून टाकलं. (सही मात्र त्या दिवशी फार सुंदर आली.)

मॅडमनी फॉर्म वाचला. "इतकं निरोगी घराणं मी पहिल्यांदाच बघतेय," त्या म्हणाल्या. "ठीक आहे, मग आधी ॲसिडिटीचं औषध देऊन बघू."

रिक्षात आईची छाती अभिमानानं फुगली होती. "बघ, डाक्तरीनबाई काय म्हनली आपल्या घरान्याला!"

तीन आठवड्यांनी जेवताना चपातीचा घास अनीशच्या छातीत अडकला. खाली जाईना, वर येईना. पोरगं बेसिनला धरून उभं, तोंडातून लाळ गळतेय, डोळे मोठे झालेले. "पप्पा, जातच नाहीये," एवढंच म्हणत होतं. आम्ही त्याला तसंच उचलून दवाखान्यात नेलं आणि दारातच घास कसाबसा उतरला. तेवढ्या वेळात मी बोलायचे राहिलेले सगळे नवस बोलून घेतले. खरं सांगतो, इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो.

मॅडम म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात दुर्बिणीनं बघू. अन्ननलिकेला ॲलर्जीनंही सूज येते. मुलींपेक्षा मुलग्यांत जास्त, आणि घरात दमा, इसब, शिंका असल्या तर शंका वाढते. ती सूज नुसती बघून कळतेच असं नाही, आतले नमुने काढून तपासावे लागतात. म्हणून मला घरातली खरी माहिती हवी." 'खरी' म्हणताना त्यांनी माझ्याकडेच बघितलं.

मी घरापासूनच सुरुवात केली. "आई, तुला दमा आहे."

"कोन म्हनतं?"

"मग डब्यातला तो पंप कशाला?"

"त्यो जिना चढल्यावर वढते मी. जिना नसला तर कुठाय दमा?"

रविवारी आईला घेऊन सासुरवाडीला, पुणतांब्याला गेलो. माझे सासरे आप्पासाहेब रोज सकाळी मोजून अकरा शिंका देतात. मी हळूच विषय काढला, "मामा, तुम्हाला तो शिंकांचा त्रास आहे ना..."

"हळू बोला, पाव्हनं!" सासऱ्यांनी दार लोटलं. "मोनिकाला बघाया उद्या कोपरगावची मानसं यायचीत. आमच्या घरात कुनालाच काय न्हाई." आणि शिंकले. मी मोजत बसलो. अकराव्या शिंकेला थांबून उपरण्यानं नाक पुसत म्हणाले, "ही धूळ हाय."

मोनिका म्हणजे माझी मेव्हणी. तिचं लग्न जमेपर्यंत या घरात कुणी खोकणारसुद्धा नव्हतं. आणि अनीशची तारीख गुरुवारची. मग मला एक युक्ती सुचली. (मला सुचते तेव्हा आजूबाजूच्यांनी सावध व्हावं.)

"बरोबर आहे तुमचं," मी म्हणालो. "मॅडमही म्हणाल्या, हा आजार साध्यासुध्या घरात सापडतच नाही. बडी, खानदानी घराणी असतात ना, त्यांच्यातच असतो."

सासऱ्यांनी लोटलेलं दार पुन्हा उघडलं.

"मंग लिवून घ्या," सासरे म्हणाले. "मी, माझा बाप आन तिन्ही चुलते. पार डोळं सुजस्तवर शिंका!"

"शिंकांचं काय कौतुक!" आई उसळली. "मला दमा हाय. बारा वर्सं!" आणि पिशवीतून पंप काढून तिनं सगळ्यांसमोर ओढून दाखवला.

"वांगं खाल्लं की माझं तोंड खाजतं," सासूबाई म्हणाल्या.

"माझं नुसतं बघून खाजतं," आई म्हणाली.

आतून मोनिका ओरडली, "दाजी, मला शेंगदाण्यानं पुरळ येतं, लिहा!"

"तिचं मोठ्या अक्षरात लिवा," सासरे म्हणाले, "कोपरगावकरांना दाखवाया बरं."

संध्याकाळपर्यंत माझे तीन कागद भरले. त्यात सव्वीस माणसं, एक म्हैस (ती सासऱ्यांनी आग्रहानं घालायला लावली) आणि कै. असलेले नऊ जण होते.

बुधवारी मी, स्नेहल आणि अनीश गेलो, तेव्हा मॅडमनी तिन्ही कागद शांतपणे वाचले. "महिन्यापूर्वी कुणालाच काही नव्हतं. आता सव्वीस जण. यातलं खरं काय?"

आईचा दमा खरा आणि सासऱ्यांच्या शिंका खऱ्या, एवढं मी कबूल केलं.

"आणि घास अडकण्याचा त्रास? इथं एकही नाव नाही."

"तसलं कुणालाच नाही," मी छातीठोकपणे म्हणालो.

"पप्पांना आहे," अनीश म्हणाला.

स्नेहलनं माझ्याकडे बघितलं. अनीश खाली मान घालून बोलत होता. "पप्पांचंपण अडकतं. मग ते बेसिनपाशी जातात आणि नळ सोडतात, आवाज येऊ नये म्हणून. मी बघितलं तर म्हणाले, मम्मीला सांगू नको. म्हणून मीपण माझं सांगत नव्हतो."

(हे मी तुम्हालाही सांगितलं नव्हतं. कॉलेजपासून आहे. लग्नाच्या बायोडाट्यात 'प्रकृती उत्तम' लिहिलं, मग ते मागे कसं घेणार?) पण त्या क्षणी मला बायोडाटा आठवला नाही. माझं पोरगं वर्षभर घास छातीत धरून गप्प बसलं, कारण बाप गप्प बसतो हे त्यानं बघितलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याला जवळ घेतलं, पण तोंडातून शब्द फुटेना.

शब्द स्नेहलला फुटले. "म्हणजे लग्नाच्या पंगतीत मी लाडू भरवला, तेव्हा तुमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं ते..."

"अडकला होता," मी म्हणालो.

"अहो, बारा वर्षं मी मैत्रिणींना सांगतेय, आमचे हे किती हळवे आहेत म्हणून!"

गुरुवारी अनीशची तपासणी झाली, नमुने गेले, आणि निघाली ती ॲलर्जीचीच सूज. मॅडमनी औषध सुरू केलं आणि दूध काही महिने बंद केलं. परवा पोरानं अख्खी चपाती खाल्ली, पाणी न पिता. आईनं लगेच दृष्ट काढली.

पुढच्या भेटीला मी मान खाली घालून विचारलं, "मॅडम, माझंपण तुम्हीच बघाल का?"

"मी लहान मुलांची डॉक्टर आहे. मोठ्यांच्या डॉक्टरांना चिठ्ठी देते," मॅडम लिहिता लिहिता म्हणाल्या. "तिथंही फॉर्म असेल. तो मात्र अनीशला भरू द्या."