फडफडणारी खिरापत

बैठकीच्या खोलीत दुपारी वटवाघूळ शिरलं, तेव्हा मंदाताई गच्चीवर भोंडल्याच्या पाटावर हत्ती काढत होत्या. विश्वासरावांना वटवाघळाची जितकी भीती वाटली, त्याहून जास्त मंदाताईंना कळण्याची वाटली.

जयेंद्रगंज मोहल्ल्यातल्या त्यांच्या घराच्या फॉल्स सीलिंगमध्ये उन्हाळ्यापासून वटवाघळं राहत होती. "औषध मारा," असं सगळे म्हणत होते. पण विश्वासरावांच्याने ते होईना. म्हणून वटवाघळं न मारता घालवणाऱ्या समरजीतला बोलावलं. त्याने पिल्लं उडायला लागेपर्यंत थांबायला लावलं, मग सगळ्या फटी बुजवल्या आणि उरलेल्या एकीवर जाळीचा पडदा सोडला. बाहेर जाता येई, परत येता येत नसे. "एकही राहिलं नाही," असा शब्द विश्वासरावांनी दिला, तेव्हा कुठे मंदाताईंनी भोंडला घरी ठेवला होता.

आणि आता ते राहिलेलं एक खिडकीच्या पडद्याला लटकलं होतं.

"काका, घाबरू नका," समरजीत फोनवर म्हणाला. "ते तुमच्यापेक्षा जास्त घाबरलंय."

"शक्य नाही," विश्वासराव म्हणाले.

"जाड हातमोजे घाला, भोकं पाडलेल्या खोक्यात घ्या, अंधारात ठेवा. सांज झाली की उंच भिंतीला लावून सोडा. जमिनीवरून त्याला उडता नाही येत. और हां, खोका हलवू नका बिलकुल. घाबरूनच मरतं ते."

बागकामाचे हातमोजे घालून, डोळे अर्धे मिटून, विश्वासरावांनी त्याला बुटांच्या खोक्यात घेतलं. खोका देवघराखालच्या कपाटात ठेवला. तिथे अंधार होता आणि आज तिथे कुणी डोकावणार नव्हतं.

मंदाताई सोडून. भोंडल्याची गाणी संपली की बायका डबा हलवून आत काय खिरापत आहे ते ओळखतात. गेल्या साली शालिनीताईंनी डबा नुसता पाहून चकल्या ओळखल्या होत्या. तो अपमान मंदाताई विसरल्या नव्हत्या. म्हणून यंदा त्यांनी शिऱ्याचा डबा बुटांच्या खोक्यात लपवला होता. त्याच कपाटात. नवऱ्यालाही न सांगता.

सांजेला विश्वासरावांनी कपाट उघडलं, खोक्याचं झाकण उचललं, तर आत स्टीलचा डबा. दुसरा खोका कपाटात नव्हता. वर गच्चीत हशा पिकला होता. खोका काखेत मारून ते जिना चढले आणि दारातच थबकले. समोर सगळ्या बायका, आणि एकीच्या हातात तो खोका.

"हलका आहे गं. चिवडा!"

"चिवडा असा वाजतो होय? जोरात हलव, सोनिका."

"काकू, ये तो खुद ही हिल रहा है!" शेजारची सोनिका किंचाळली.

"मग पापड!" शालिनीताई म्हणाल्या. "फडफडतायत बघ."

मंदाताईंचं हसू हळूहळू उतरत होतं. शिरा फडफडत नाही, हे तिथे फक्त त्यांना ठाऊक होतं.

विश्वासरावांनी चार बायकांसमोर कधी घसाही साफ केला नव्हता. "थांबा," ते म्हणाले. कुणाला ऐकू गेलं नाही. सोनिकाने खोका पुन्हा कानाशी नेला.

"थांबा! मरेल ते!"

सोनिकाने खोका कानापासून लांब धरला.

"काय मरेल, भाऊजी?" शालिनीताईंनी विचारलं.

"खि... खिरापत."

त्यांनी सोनिकाच्या हातून खोका घेतला, पाण्याच्या टाकीच्या भिंतीला उंच टेकवला आणि झाकण सरकवलं. काहीच बाहेर आलं नाही. बायका एकमेकींच्या मागे लपल्या.

"मेलं का हो?" मंदाताई हळूच म्हणाल्या. रागवायचं त्या विसरल्या होत्या.

विश्वासरावांनी खोका आणखी वर धरला. तेवढ्यात काठावर एक बारीक नखी दिसली. वटवाघूळ सरपटत भिंतीवर गेलं, उलटं लटकलं, पंख झटकले आणि महाराज बाड्याच्या चौकाच्या दिशेने निघून गेलं. विश्वासराव टाकीला टेकून खालीच बसले.

मग सगळ्यांचं लक्ष त्यांच्या काखेतल्या दुसऱ्या खोक्याकडे गेलं. त्याला हात लावायला कुणी तयार होईना.

"आता तुम्हीच ओळखा, भाऊजी," शालिनीताई लांबून म्हणाल्या.

विश्वासरावांनी खोका हलवला. कानाशी नेला. बराच वेळ गंभीरपणे ऐकलं.

"आवाज नाही," ते म्हणाले. "झोपलंय बहुतेक."

जिन्यात एकच चेंगराचेंगरी झाली. मंदाताई तेवढ्या जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी डबा उघडला, शिऱ्याचा पहिला घास नवऱ्याच्या हातावर ठेवला आणि जिन्यात वाकून विजयाने ओरडल्या, "शालिनी, हरलीस! बोल, हरलीस की नाही?"