उघड्या पोटाचा टेप

ज्या साली थोरल्या लेकीचं, रुख्मिणीचं लगीन झालं, त्या अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात झरीच्या आश्रुबानं ठरवलं, की आता दुपारची झोप मिळवायचीच! त्याची माय सरजाबाई वर्षभर खाटेवर. तिला सारखं बोलायला माणूस लागे, आणि बायको कुसुमबाई रानात गेली की तो माणूस म्हणजे आश्रुबा. डोळा लागला रे लागला, की हाक यायची, "आश्रुबा, जागा हायेस का रं?"

धाकटी बहीण मनकर्णा नाशिकला. तिनं मायसाठी बोलून भरलेली कॅसेट पाठवली होती. टेप तेवढा घ्यायचा होता.

"मनकर्णा बोलंल, मी घोरंल!" आश्रुबा बायकोला म्हणाला. "टेप पारखायला मला कोणी शिकवू नका."

परभणीच्या दुकानात कंपनीचे टेप चकचकीत होते, पण पोट बंद. आत काय आहे, देव जाणे! त्यांच्या शेजारी दुकानातल्या रंगनाथ मिस्त्रीनं स्वतः जुळवलेला टेप होता. लाकडी खोकं, वर झाकणच नाही. चाकं, तारा, रबरी पट्टा, सगळं उघडं.

"दादा, ह्यात लपवायसारखं काईच न्हाई," रंगनाथ म्हणाला. "बिघडला तर गावातलं कोणीबी दुरुस्त करंल."

आश्रुबाला हे लय पटलं.

घरी टेप लावला. मनकर्णा भडाभडा बोलत सुटली.

"थांब की गं! मला बी बोलू दे!" सरजाबाई ओरडली. "आश्रुबा, हिला सांग की रं!"

झोप राहिली बाजूला. त्यात पट्टा तुटला. सगळी आळी गोळा झाली आणि प्रत्येकानं त्या उघड्या पोटात बोट घालून पाहिलं. शेवटी बन्सीधर सायकलवाल्यानं जुन्या ट्यूबची रिंग कापून बसवली. चाक फिरलं, पण आवाज निघाला थकलेल्या रेड्यासारखा!

"मा...य... ब...री... हा...येस... का..."

आश्रुबानं कपाळावर हात मारला. सरजाबाई मात्र उठून बसली.

"बरी हाय गं बाई. तुला सर्दी झाली व्हय? ओव्याचा काढा घे."

"ले...क...रं... म...ज्जे...त..."

"धाकट्याला दात आले का?"

दोन शब्दांच्या मधे म्हातारीचं सगळं बोलून होई. आश्रुबा असा झोपला, की कुसुमबाईनं येऊन त्याच्या नाकापुढं हात धरून पाहिला!

मग रंगनाथ एका लग्नाला झरीत आला. गल्लीतून जाताना तो आवाज ऐकून संतापला. "माझ्या टेपाची ही गत?" आश्रुबा झोपेतच होता. रंगनाथनं रिंग काढून चुलीत टाकली आणि नवा पट्टा बसवला.

"ही कोण भवानी?" सरजाबाईनं टाहो फोडला. "माझी पोरगी कुठं गेली?"

आश्रुबा उठून बन्सीधरकडं पळाला. "लेका, पयल्यासारखा बिघडवून दे!"

"काका, दुरुस्त करायचं सांगा. बिघडवायचा अंदाज लागत न्हाई."

एक रिंग अडकून बसली, दुसरीनं मनकर्णा उंदरासारखी चिरकली. अख्ख्या झरीत टेप दुरुस्त करणारे निघाले, नीट बिघडवणारा एक निघाला नाही.

शेवटी रंगनाथचाच पट्टा परत चढवला आणि आश्रुबाच रोज दुपारी खाटेशी बसू लागला, फिरत्या चाकावर अंगठा दाबून. पोट उघडं असल्याचा तेवढाच उपयोग! मायलेकी निवांत बोलत. त्याला डुलकी लागली, अंगठा सरकला, की मनकर्णा सुसाट सुटे आणि सरजाबाईची चापट बसे.

"झोपायलास व्हय रं? दोन बायांना धड बोलू देत न्हाईस!"

सरजाबाई एकोणनव्वदच्या मार्गशीर्षात वारली; तोवर आश्रुबाला दुपारची झोप काही मिळाली नाही.