सोळा औंस आणि वर थोडा कापूस

"तोंडावर एक जरी वळ दिसला, तर बॉक्सिंग बंद," गादीवाल्यांनी जेवता जेवता जाहीर केले.

"आणि नाही दिसला तर?" बारकीने विचारले.

"तर काय. चालू."

"पुन्हा कधी कुरकुर नाही?"

"नाही."

"आई, ऐकलंस ना?"

आईने मान हलवली. ती दुकानात अभ्रे शिवायची. एरवी तिच्या तोंडात टाचण्या असत, आत्ता घास होता. दोन्ही वेळा ती मानेनेच बोलत असे.

बारकी ही घरातली धाकटी, म्हणून बारकी. उंचीने ती बापाच्या डोक्यावरून गेली होती आणि डबल गादी डोक्यावर घेऊन तीन मजले न थांबता चढायची. संध्याकाळी ती क्लबात जाऊन टांगलेल्या पोत्याला बडवून येई. त्याला गादीवाल्यांची हरकत नव्हती, कारण पोते उलटून मारत नाही. पण आता कोचनी रविवारी तिला रिंगमध्ये उतरवायचे ठरवले होते. सरावाचीच लढत, पण समोर जिवंत माणूस.

"आणि ग्लोव्हज मी निवडणार," ते म्हणाले.

"तुम्हाला काय कळतं हो त्यातलं?"

"आत काय भरलेलं असतं?"

"फोम."

"मग झालं तर. आयुष्य कशात गेलंय माझं?"

क्रीडासाहित्याच्या दुकानातली बाई एकेकाळी स्वतः बॉक्सिंग करत होती. तिचे नाक किंचित डावीकडे झुकले होते. ते पाहूनच गादीवाल्यांना परत फिरावेसे वाटले.

"सरावाच्या लढतीला सोळा औंसांचे घ्या," बाई म्हणाली. "जाड असतात. हाताला पट्टी गुंडाळायची आणि मगच घालून बघायचे. मूठ सहज वळली पाहिजे, अंगठा बाहेर लोंबायला नको आणि मनगट घट्ट धरलं पाहिजे."

बारकीने पट्टी गुंडाळून तीन जोड घालून पाहिले. पहिल्यात बोटे अवघडली, दुसऱ्यात अंगठा भलतीकडे गेला. तिसरा जोड मात्र हाताला अगदी नेमका बसला.

"हे मस्त आहेत."

"थांब. असं नसतं घ्यायचं," गादीवाले म्हणाले.

त्यांनी तिन्ही जोड ओळीने मांडले आणि प्रत्येकात कोपर रुतवले. कोपर काढल्यावर खळगा कसा भरून येतो, यावरून ते कुठल्याही गादीची कुंडली सांगत. पहिला जोड त्यांनी बाजूला सारला. मग दुसऱ्या जोडातले दोन्ही ग्लोव्हज काउंटरवर शेजारी शेजारी ठेवून त्यांवर डोके टेकवले आणि डोळे मिटले.

"हे काय करताहेत?" बाईने हळूच विचारले.

"परीक्षा," बारकी छताकडे बघत म्हणाली.

"कानाला टोचतं," म्हणून गादीवाले उठले आणि त्यांनी तिसऱ्या जोडावर डोके टेकवले. हा बारकीचा जोड होता. थोड्याच वेळात घोरणे ऐकू आले.

"हाच पॅक करू का?" बाईने विचारले.

"उठले की करा."

इथवर सारे ठीक होते. पण पुरेसे मऊ असे काही असते, यावर गादीवाल्यांचा विश्वास नव्हता. जगातल्या बहुतेक दुखण्यांना आणखी थोडा कापूस हाच उपाय, असे त्यांचे मत होते. दुसऱ्या दिवशी बारकी गादी पोचवायला गेली, तेव्हा त्यांनी ग्लोव्हजची मनगटाजवळची शिवण उसवली आणि आत उत्तम पिंजलेला कापूस ठासून भरला. ती परतली तेव्हा टेबलावर कोबीच्या दोन मोठ्या गड्ड्यांसारखे काहीतरी पडले होते.

"बाबा," ती बराच वेळ बघून म्हणाली, "हे मी घालणार ना?"

"मग कोण?"

"म्हणजे हा कापूस माझ्या मुठीच्या पुढे आला."

"आलाच पाहिजे."

"आणि माझी मूठ लागणार समोरचीला."

"हो."

"मग मऊ कोणाला लागणार?"

गादीवाल्यांच्या हातातली सुई तशीच राहिली. ते खुर्चीवर बसले.

"म्हणजे मी दिवसभर परक्याच्या मुलीचं नाक जपत बसलो?"

"तिच्या बापाला बरं वाटेल."

"आणि तुझं नाक?"

"ते तिच्या ग्लोव्हजवर."

"कोण ती? तिला म्हणावं, ग्लोव्हज आणून दे इकडे."

"ते ठरलेलं नसतं. कोच आयत्या वेळी जोड्या लावतात."

दुसरा कुणी असता तर त्याने इथे नाद सोडला असता. गादीवाल्यांनी मात्र सरळ कोचना गाठले आणि क्लबातले सगळे ग्लोव्हज फुकट दुरुस्त करून देतो म्हणाले. कोच भारावून गेले. क्लबातल्या ग्लोव्हजच्या आतल्या फोमचे केव्हाच गोळे झाले होते आणि त्यांना येणाऱ्या वासाबद्दल तर कुणी बोलतही नसे. त्यांनी लगेच सगळे पोत्यात भरून पाठवून दिले.

पोते घेऊन आली ती क्लबातच बॉक्सिंग करणारी बेकरीवाल्याची मुलगी. पाव पोचवायच्या गाडीतून ती आली, हसली आणि पोते खाली ठेवून शेजारच्या नव्या गादीवर तिने एक ठोसा मारला.

"मस्त आहे हो काका गादी."

गादीवाल्यांनी खळगा पाहिला. खोल होता, पण काठ न फाटता सावकाश, एकसारखा वर येत होता. आपल्या भरणीवर ते खूश झाले. ठोसा मारणारा हात त्यांनी पाहिला नाही.

मग दुकानाचा पार क्लब झाला. आई टाचण्या तोंडात धरून शिवणी उसवून देई आणि गादीवाले कापूस ठासत. ग्लोव्हज उरले आणि कापूस संपला, तेव्हा मास्तरांच्या गादीसाठी ठेवलेला कापूस कामी आला. हे मास्तर शाळेत गणित शिकवत. जुनी गादी देऊन ते नवीची वाट बघत होते आणि तोवर फरशीवर झोपत होते.

"उद्या नक्की," गादीवाले त्यांना म्हणाले.

"तुम्ही कालही हेच म्हणालात."

"काल मी उद्याबद्दलच बोलत होतो ना."

रविवारी क्लब भरून गेला. मास्तरही कमरेला हात लावून आले, कारण दुकान बंद दिसल्यावर त्यांनी गादीवाल्यांचा माग काढला होता. पहिली जोडी रिंगमध्ये उतरली. घंटा झाली. दोघे एकमेकांना मारू लागले, पण आवाज गाद्या झटकल्यासारखा येत होता. थोड्याच वेळात दोघांचे हात खाली आले. ते वर उचलणे काही त्यांना जमेना. शेवटी एकाने दुसऱ्याच्या खांद्यावर मान टाकली आणि दुसऱ्यानेही त्याला विरोध केला नाही.

"झोपले का रे?" कोच ओरडले.

त्यांनी एक ग्लोव्ह मागवून हातात तोलला, मग गादीवाल्यांकडे पाहिले.

"काका, यात काय घातलंत?"

"उत्तम प्रतीचा माल आहे."

"काढा."

बारकी हाताला पट्ट्या गुंडाळून, डोक्याला हेल्मेट घालून बाकावर बसली होती. त्या हेल्मेटमध्ये कपाळ आणि कान झाकलेले होते आणि मधला भाग, म्हणजे नेमका चेहरा, उघडा होता. तिने बापाकडे नुसते पाहिले. इतके महिने ती पोत्याला मारत होती ती या एका दिवसासाठी, आणि तो दिवस कापसात बुडत चालला होता. गादीवाल्यांना वाईट वाटले. अगदी मनापासून वाईट वाटले. त्यांनी खिशातून सुई काढली.

"तुझी जोडी कुणाशी?"

"बेकरीवालीशी."

त्यांनी आधी बारकीचे ग्लोव्हज मोकळे केले. मग बेकरीवालीचा डावा ग्लोव्ह उसवून त्यातला भरलेला सगळा कापूस काढला. मास्तर तो शेजारी उभे राहून पिशवीत भरत होते. मग त्यांनी उजवा हातात घेतला. इथे मात्र त्यांच्यातला बाप आणि गादीवाला एक झाले. माणूस जोरात मारतो तो उजव्या हाताने. त्यांनी वरवरचा कापूस काढला, खाली चांगली बचकभर राहू दिली आणि घाईघाईने टाके घातले.

"झालं?" कोचनी विचारले.

"झालं," ते म्हणाले, आणि निर्धास्त मनाने खुर्चीत टेकले.

घंटा झाली. बेकरीवाली इतरांसारखा डावा नव्हे, तर उजवा पाय पुढे टाकून उभी राहिली.

"अहो," आई म्हणाली. आज तिच्या तोंडात काहीच नव्हते. "ही डावखुरी आहे का हो?"

गादीवाल्यांना तो खळगा आठवला, आणि आता कुठे त्यामागचा हातही लक्षात आला. पहाटेपासून कणिक तिंबणारा, भरदार डावा हात. ते खुर्चीतून अर्धे उठले, तेवढ्यात तो हात आला. बारकी खाली बसली.

बारकीने जमिनीकडे पाहिले, मग वर पाहिले आणि हसत उठली. त्यानंतर जे झाले ते गादीवाल्यांना नीट आठवत नाही. शेजारी आई खुर्चीवर उभी राहून "हात वर ठेव! आता तू दे!" असे इतक्या मोठ्याने सांगत होती, की लग्नानंतर प्रथमच त्यांना तिचा पूर्ण आवाज ऐकू आला. बारकीने दोन ठोसे दिले, एक घेतला, आणखी एक दिला. घंटा झाल्यावर दोघींनी एकमेकींना मिठी मारली.

"चांगली उभी राहतेस. येत जा," कोच एवढेच म्हणाले, पण बारकीला तेवढे पुरले.

ती धापा टाकत बापासमोर आली. उजव्या डोळ्याखाली जांभळे टेंगूळ वर येत होते.

"बाबा, पाहिलंत?"

"पाहिलं."

"डोळे नाही ना मिटलेत?"

"मिटले नाहीत. भरले होते." त्यांनी नाक पुसले आणि आवाज कडक केला. "पण आपलं ठरलं होतं. तोंडावर वळ..."

"काका," मागून बेकरीवाली आली, "या उजव्यात थोडं राहिलंय वाटतं. पुन्हा बघता?"

बारकीने तो ग्लोव्ह घेतला. बाकावर ठेवला, त्यात कोपर रुतवले, काढले आणि खळगा भरून येण्याची वाट पाहिली. तो सावकाश, एकसारखा वर आला.

"बाबा."

"हं."

"ती डावखुरी आहे."

"कळलं मला. उशिरा कळलं."

"कोचना 'झालं' म्हणून आत कापूस ठेवलात. मग ठरलेलं आधी कोणी मोडलं?"

गादीवाल्यांनी मदतीसाठी मास्तरांकडे पाहिले. मास्तर मन लावून कापूस दाबून भरत होते.

"बॉक्सिंग चालू," आई म्हणाली. तिचा आवाज बसला होता, पण शब्द स्पष्ट होते. "आणि पुन्हा कुरकुर नाही."

परतताना दुकानाच्या टेंपोत बापाशेजारी बसून बारकीने तो उजवा ग्लोव्ह खिडकीच्या काचेला टेकवला आणि सुजलेला गाल त्यावर ठेवला.

"मऊ आहे ना?" गादीवाल्यांनी हळूच विचारले.

पहिले वळण येण्याआधीच ती घोरू लागली होती. त्यांनी टेंपोचा वेग आणखी कमी केला.