भांड्यांचं सीमांतपूजन

इंजिनाचं टायमिंग लावायला मिस्त्रीच लागतो, हे मला कधी पटलं नाही. माझ्याकडे तेव्हा पेट्रोलवर चालणारी एक जुनी पिकअप होती. इंजिनात ठिणगी नेमकी कधी पडायची, हे ठरवणारा एक डबा तिच्यात होता. बोल्ट ढिला करायचा, डबा जरासा फिरवायचा आणि आवाज ऐकायचा. मला कान होते, तेही दोन. मग अडचण कसली?

धाकट्या मेव्हणीचं लग्न होतं. स्वयंपाकाची भांडी वडीगोद्रीहून सासरी, शहागडला न्यायची होती आणि सासरे रायभान टेम्पो सांगायला निघाले होते.

"माझी गाडी असताना टेम्पो?" मी म्हणालो.

"जावईबापू, ती चढाला धापा टाकून राह्यली. म्या पाह्यलंय."

"टायमिंग लावतो ना. मग बघा कशी पळते."

लग्नाच्या दिवशी मी डबा फिरवला. आवाज झकास आला. बायकोला, म्हणजे उषाला, शेजारी बसवून मी निघालो. हायवेला लागतो न लागतो तोच सायलेन्सरमधून धाडकन बार निघाला.

"हे काय होतं?" उषा.

"ताकद," मी म्हणालो.

शहागड जवळ येईपर्यंत ही ताकद वाढतच गेली.

आता आमच्याकडची रीत अशी, की वऱ्हाड वेशीवर आलं की फटाके वाजवतं आणि ते ऐकून मुलीकडचे बँड घेऊन सामोरे येतात. तसे ते आले. सायलेन्सरच्या धुरात गाडी कुणाची ते कुणाला दिसलं नाही. सासूबाईंनी डोळ्यांपर्यंत पदर ओढून गाडीला ओवाळलं. बोनेटला कुंकू लागलं. नवरदेवाला उतरवून घ्यायला दोघेजण मागे चढले आणि झारा घेऊन खाली आले. सासरे गळाभेटीसाठी हात पसरून दाराशी आले, तर आतून मी उतरलो.

"तुम्ही?"

"भांडी आणली," मी म्हणालो.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. तोंड लपवायला दुसरी जागा नव्हती म्हणून मी बोनेटमध्ये घातलं आणि डबा जरा फिरवला. आयुष्यात पहिल्यांदाच टायमिंग बिनचूक लागलं. इंजिन चालू आहे की बंद, ते हात लावून पाहावं लागत होतं.

इतक्यात पुलाकडून एकजण पळत आला. गेवराईकडचं वऱ्हाड केव्हाच तिकडच्या वेशीवर येऊन थांबलं होतं. त्यांनी आणलेले सगळे फटाके संपवले, पण आमच्या बँडपुढे ते ऐकू कुणाला जाणार!

आम्ही गाडीसकट तिकडे धावलो. नवरदेवाचे मामा भुजंगराव आमच्याकडे पाठ करून दगडावर बसले होते. भांड्यांची हकीकत त्यांच्या कानावर आधीच गेली होती.

"भांड्याला बार वाजले अन् नवरदेवाला न्हाई? मंग तीच गाडी वाजवीत आम्हाला मांडवात न्या. न्हाईतर वऱ्हाड माघारी."

मेव्हणी मुंडावळ्या बांधून मांडवात बसली होती. मुहूर्त टळायला आला होता. उषाच्या जागी नवरदेवाला बसवून मी गाडी सुरू केली. ती गाईसारखी गरीब चालली. सासरे खिडकीशी आले.

"जावईबापू, वाजवा की जल्दी."

"वाजत नाही. दुरुस्त झाली."

"मंग बिघडवा."

मी डबा डावीकडे फिरवला. गाडी आणखी छान चालली. मग जोर लावून उजवीकडे फिरवला, तर ती कायमची गप्प झाली.

मामा उठले. आता ते वऱ्हाड घेऊन परत जाणार, या भीतीनं मी डोळेच मिटले. पण ते गाडीमागे गेले.

"इंजिनातलं काही कळतंय का ह्या माणसाला? ढकलून सुरू करा, मंग वाजतीच. लावा रे हात."

सगळं वऱ्हाड मागे लागलं. पुढे बँड, मागे खांदा लावून मामा. गाडी शेवटपर्यंत सुरू झाली नाही. मामा मात्र घामाघूम होऊन मान वर करून पाहतात, तर समोर मांडवाचं दार! सासूबाईंनी तेवढ्यात त्यांच्या पायांवर पाणी घातलंसुद्धा. मग रुसणार कसे?

पुढच्या साली मेव्हण्याचं लग्न निघालं. सासरे स्वतः आमंत्रणाला आले, मला टॉवेल-टोपी केली. निघताना माझा हात हातात घेतला आणि अगदी मायेनं म्हणाले, "जावईबापू, येष्टीनं या."