रॅलीची गाडी, लग्नाची मिरवणूक

अल्तमशला गाडी चालवता येत नाही, असं म्हणायची जगात कोणाची हिंमत नव्हती. निदान तो समोर असताना तरी! खडी असो, चिखल असो, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला दरी असो, तो गाडी अशी पळवायचा की बघणारे डोळे मिटून घ्यायचे. नॅशनल रॅलीचा ड्रायव्हर होता तो, चांगला नावाजलेला. पण नाशकात कोणाला सांगावं की मी ड्रायव्हर आहे, तर समोरचा विचारणार, "मग रविवारी शिर्डीला येता का?" हे ऐकलं की अल्तमशच्या कानशिलावरची शीर फुगायची, आणि फुगायलाच हवी होती!

त्याच्या डावीकडे बसायची स्नेहा, त्याची नॅव्हिगेटर. पुढचं वळण कुठलं, किती तीव्र, कुठे ब्रेक मारायचा हे ती मांडीवरच्या नोट्स बघून माइकमधून सांगणार आणि अल्तमश डोळे झाकून ऐकणार.

"डाव्या सीटवरून आवाज आला की माझे हात आपोआप वळतात," तो छाती फुगवून सांगायचा. "मेंदू मध्ये येतच नाही!"

"ते मात्र खरं आहे," स्नेहा म्हणायची.

तर अशा या थोर माणसावर वेळ काय आली? ऐन सीझनच्या तोंडावर त्याच्या स्पॉन्सरने हात वर केले. नवा स्पॉन्सर मिळाला नाही, तर गाडी ताडपत्रीखाली आणि अल्तमश सासरे हारुनभाईंच्या पडद्यांच्या दुकानात! त्यांनी तर त्याच्यासाठी स्टूलसुद्धा आणून ठेवलं होतं. गुलाबी रंगाचं. नॅशनल ड्रायव्हरने गुलाबी स्टुलावर बसून बायकांना झालरी दाखवायच्या? या विचारानेच त्याला जेवण जाईना.

तेवढ्यात दिंडोरीकडचे द्राक्ष बागाईतदार नाथाआबा भेटले.

"सगळ्या सीझनचा खर्च माझा," आबा म्हणाले. "गाडीवर माझ्या द्राक्षांचं नाव टाकायचं. फक्त एक काम हाय. आमच्या अमोलचं लगीन हाय. मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत नवरदेव तुझ्या गाडीत मिरवायचा."

"आबा, ही रॅलीची गाडी आहे!"

"म्हणून तर! साधी गाडी कोणी बी आणतंय."

स्नेहाने त्याला बाजूला ओढलं. "अरे, मिरवणूक बेंजोच्या मागे चालते. मुंगीच्या पावलाने! आपल्या गाडीचा क्लच रेसचा आहे. इंजिनाला वारा लागला नाही तर ते उकळेल."

"मी उभ्या घाटात गाडी पळवलीय," अल्तमश उसळला. "सपाट रस्त्यावर हळू चालवणं म्हणजे काय मोठं काम आहे?"

लग्नाच्या दिवशी पहिली अडचण देवळापाशीच आली. रॅलीच्या गाडीत आतून लोखंडी नळ्यांचा पिंजरा असतो, गाडी उलटली तर माणूस वाचावा म्हणून. त्यात अमोल मावत होता, पण त्याचा फेटा काही केल्या मावेना. शेवटी फेटा काढून मांडीवर दिला आणि डोक्यावर स्नेहाचं माइकवालं हेल्मेट चढवलं. करवल्यांनी त्या हेल्मेटवरच मुंडावळ्या बांधल्या. अमोल खूश! त्याला चारी बाजूंनी पट्टे आवळून स्नेहाच्या डाव्या सीटला जखडलं, तेव्हा कोणीतरी म्हणालं, "आता कुठं जातोय पळून!"

बेंजो सुरू झाला आणि अल्तमशच्या अपमानाला सुरुवात झाली. गाडी वीतभर पुढे जाई आणि थांबे. पुढे अमोलच्या मावश्या रिंगण धरून नाचत होत्या आणि रिंगण काही पुढे सरकत नव्हतं. क्लच करपल्याचा वास सुटला. एका म्हाताऱ्या आत्याबाईंनी बॉनेटवर थाप मारली, "हळू चालव की रे मेल्या! शिकाऊ हायेस का?"

शिकाऊ! अल्तमशच्या डोळ्यांत रागाने पाणी आलं. तेवढ्यात गाडी बंद पडली. अमोलच्या चार काकांनी खांदा लावून ती ढकलली. ढकलताना एक काका दुसऱ्याला म्हणाला, "भाड्याची दिसतीय."

इंजिनाचा काटा तांबड्यात गेला. बॉनेटमधून वाफ निघू लागली तशी अल्तमशने माइकमध्ये सांगितलं, "अमोलभाऊ, गाडीला वारा पाजला पाहिजे. मळ्याच्या रस्त्याने एक चक्कर मारून लगेच परत येऊ."

"मारा की!" अमोल आनंदाने ओरडला.

बेंजोच्या आवाजात हे बाहेर कोणालाच ऐकू गेलं नाही. लोकांना दिसलं ते एवढंच की नवरदेवाची गाडी सर्रकन मागे आली, जागच्या जागी फिरली आणि धुरळा उडवत द्राक्षांच्या बागांकडे नाहीशी झाली! बेंजोवाल्याचा हात थांबला. मावश्यांचा एक पाय वरच राहिला.

"नवरदेव पळाला!" आत्याबाईंनी जाहीर केलं.

ही बातमी गाडीपेक्षा वेगाने मांडवात पोचली. मुलीकडच्यांनी अक्षता खाली ठेवल्या आणि बाह्या वर सारल्या. आबांचा चेहरा उतरला. एकटी नवरी निकिता तेवढी शांत होती. ती म्हणाली, "तो एकटा कुठंच जात नाही. ड्रायव्हर घेऊन गेला असेल." झालं! म्हणजे आता ड्रायव्हरने नवरदेव पळवला!

इकडे गाडीला वारा लागला, काटा खाली आला आणि अल्तमशचा जीव जरा भांड्यात पडला. आता वळायचं आणि परतायचं, बस! पण त्याच वेळी अमोलचा फोन वाजला. मित्र होता, अदनान. तो नाशिकहून लग्नाला निघाला होता आणि रस्ता चुकला होता. अमोलने फोन हेल्मेटमध्ये कोंबला आणि त्याला मांडवाचा रस्ता सांगायला सुरुवात केली. इंजिनाच्या आवाजात फोन वाजलेला अल्तमशला ऐकूच आला नाही. कानातल्या हेडफोनमधून मात्र डाव्या सीटवरचा आवाज खणखणीत आला.

"डावीकडे!"

अल्तमशचे हात डावीकडे वळले. आवाज कोणाचा आहे हे हातांना थोडंच कळतं?

"आता सरळ! सरळ ये! वस्तीपाशी उजवीकडे!"

समोर खरंच एक वस्ती आली. गाडी उजवीकडे वळली. कोंबड्या पत्र्यावर चढल्या. पोरगा तयारीचा आहे, अल्तमशला वाटलं, नोट्ससुद्धा लागत नाहीत! त्याने मनापासून गिअर बदलला.

"पुढे गेट आहे, उघडंच आहे! घाल आत! अरे घाबरतोस काय, बिनधास्त घाल!"

घाबरतोस? अल्तमशला? समोर एका बागेचं गेट होतं आणि ते उघडंही होतं. त्याने गाडी आत घातली. दोन ओळींमधून बाणासारखा गेला आणि नुकतंच पाणी सोडलेल्या मातीत दारापर्यंत रुतला.

इंजिन बंद पडलं. हेल्मेटमधून अमोलचा आवाज आला, "पोचलास का रे अदनान?"

अल्तमशला काय झालं ते तेव्हा कळलं. आपण पाच वर्षांत कमावलेली एकाग्रता एका फोनने मातीत घातली याचा संताप करावा, की मातीतून बाहेर कसं पडायचं याचा विचार करावा, हे त्याला ठरवता येईना.

थोड्या वेळाने चाकांच्या खुणा बघत एक ट्रॅक्टर आला. चालवत होते खुद्द नाथाआबा, डोक्याला भरजरी फेटा आणि चेहरा द्राक्षावरच्या फवारणीसारखा निळा. ट्रॉलीत अर्धी वऱ्हाडी मंडळी उभी होती आणि त्यांच्यात स्नेहा. मित्राला रस्ता सांगत होतो, असं अमोलने जखडल्या जागेवरून ओरडून सांगितलं, तेव्हा कुठे मंडळींच्या बाह्या खाली आल्या.

"आबा, त्याचं काय झालं..." अल्तमशने तोंड उघडलं.

"एक अक्षर बोलायचं नाय," आबा म्हणाले. "गाडी सुरू करायची नाय. गिअरला हात लावायचा नाय. फक्त स्टेरिंग धर!"

आणि आबांनी गाडीला दोर बांधला.

मिरवणूक पुन्हा सुरू झाली. पुढे बेंजो, मग मावश्या, मग ट्रॅक्टर आणि त्याच्यामागे दोराने ओढलेली राष्ट्रीय रॅलीची गाडी. ना क्लच करपला, ना इंजिन तापलं. रिंगण थांबलं की गाडी थांबे, सरकलं की सरके. आत्याबाईंनी खिडकीतून हात घालून अल्तमशच्या डोक्यावरून कडकडा बोटं मोडली. "आता कसं? जमतंय की तुला!" अल्तमशने दात आवळले आणि स्टिअरिंग धरून ठेवलं. स्नेहा शेजारून चालत होती आणि पदर तोंडात कोंबून हसत होती.

लग्न लागलं. आबा शब्दाचे पक्के निघाले. गाडीवर त्यांच्या द्राक्षांचं नाव आलं आणि गुलाबी स्टुलावर हारुनभाईंचं मांजर बसू लागलं.

पुढच्याच महिन्यात रॅली झाली. दिंडोरीकडच्या त्या अवघड टप्प्यात अल्तमशने असा काही वेळ नोंदवला की मागच्या सगळ्यांचे चेहरे पडले. तो हेल्मेटसकट धावत आबांकडे गेला.

"आबा, कशी चालवली?"

आबांनी विचार केला. "पळवली बरी. पण खरं सांगू का? आमच्या अमोलच्या लग्नात चालवली होती ना, तिची सर नाय!"

"आबा, तेव्हा गाडी तुम्ही चालवत होता! मी नुसता बसलो होतो!"

"तेच म्हणतोय. लय शांत बसला होतास. पुढल्या महिन्यात आमच्या साडूच्या पोराचं लगीन हाय. त्याच्या पेरूच्या बागा हायेत, पुढल्या सीझनला त्याचं बी नाव टाकू गाडीवर. तू फक्त ये. दोर माझ्याकडं हाय!"

अल्तमशचा संताप संताप झाला. त्याने हेल्मेटची काच खाडकन खाली ओढली. आणि मग आतूनच, हळू आवाजात, तारीख विचारली.