सुभेदाराची साखळी

आमच्या गावात मेलेली कुत्री संध्याकाळी फिरायला येतात, आणि जिवंत कुत्र्यांप्रमाणेच त्यांनाही रस्त्यालगत साखळी बांधावी लागते. मी नगरपालिकेत श्वान निरीक्षक होतो, त्यामुळे हा नियम मला तोंडपाठ आहे. गावात मला कुत्रेसाहेब म्हणत. सुरुवातीला राग यायचा, मग सवय झाली. आता निवृत्तीनंतर कुणी तशी हाक मारत नाही, तर चुकल्याचुकल्यासारखं वाटतं.

मेलेलं कुत्रं ओळखणं सोपं असतं. रंग जरा विटलेला, भुंकणं बंद, आणि चिखलातून गेलं तरी पाऊल उमटत नाही. बाकी शेपूट, खोड्या, हट्ट सगळं पूर्वीचंच. दिवेलागणीच्या आधी ते आपल्या दारात येऊन बसतं आणि फेरी झाली की निघून जातं. माणसं मात्र परत येत नाहीत. माणसांना वेळ पाळायची सवय नसते, असं माझं मत आहे.

पूर्वी साखळीचा प्रश्नच नव्हता. रस्ता अरुंद होता, दोन्ही बाजूंना वड होते, आणि वडांखाली जिवंत-मेलेली सगळी कुत्री मोकळी हुंदडायची. एसटी आली की ड्रायव्हर हॉर्न देऊन थांबायचा. कुत्री सावकाश उठायची, अंग झाडायची, बाजूला व्हायची, मग एसटी पुढे निघायची. कुणाला घाई नव्हती. मला तो रस्ता अजून स्वप्नात दिसतो. पुढे चौपदरी रस्ता आला, वड गेले, आणि पाठोपाठ नियम आला. रस्त्यालगत प्रत्येक कुत्र्याला साखळी हवी आणि साखळीची मूठ मालकाच्या हातात हवी. कुत्रं मोकळं सापडलं तर मालकाला आठवड्याची मुदत. तेवढ्यात सुधारणा झाली नाही तर कुत्र्याचं नाव पालिकेच्या नोंदवहीतून कमी. जिवंत कुत्र्याला त्याने काही फरक पडत नाही. मेलेल्या कुत्र्याचं नाव कमी झालं की ते पुन्हा येत नाही.

दमयंतीकाकू सरनोबतांचा सुभेदार असाच मोकळा सापडला. तो मरून सहा वर्षं झाली होती. त्याला चुकवताना एका दूधवाल्याची मोटरसायकल खड्ड्यात गेली आणि त्याने रीतसर तक्रार केली. मी काकूंच्या घरी गेलो. काकू एकट्याच राहत. सुभेदार पायरीवर बसला होता, मला बघून त्याने शेपूट हलवली. मला ओशाळल्यासारखं झालं.

"काकू, साखळी बांधा. माझ्या हातात काही नाही."

"कुठली बांधू? नवी बांधली तर मानेतून आरपार निघते. तुम्हाला ठाऊक आहे."

मला ठाऊक होतं. मेलेल्या कुत्र्याला त्याची हयातीतली साखळीच धरते. "मग त्याची जुनी काढा," मी म्हणालो.

"ती बोंद्र्यांकडे आहे," काकू म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. चहासुद्धा विचारला नाही.

इथे आमच्याकडची रीत सांगायला हवी. कुत्रं गेलं की त्याची साखळी मालकाची राहतेच असं नाही. शेवटच्या क्षणी त्याच्याजवळ जो बसलेला असेल, त्याच्या घरी ती देतात; बहुतेक वेळा तो मालकच असतो. पुढे त्या घरातल्या कुत्र्याला ती बांधतात, आणि ते कुत्रं जिवंत असेपर्यंत साखळी परत मागत नाहीत. मागितली तर त्या कुत्र्याचं मरण मागितल्यासारखं होतं. सुभेदार गेला तेव्हा त्याचं डोकं शेजारच्या हणमंतराव बोंद्र्यांच्या मांडीवर होतं, कारण तो त्यांच्याच टेंपोखाली आला होता. काकूंनी रीत पाळली. कामवालीच्या हाती साखळी पाठवून दिली आणि त्या दिवसापासून बोंद्र्यांशी बोलणं टाकलं. ती साखळी आता बोंद्र्यांच्या चंपीच्या गळ्यात होती. चंपी चांगली धडधाकट होती.

मी दोघांनाही पालिकेत सुनावणीला बोलावलं. काकू खिडकीकडे तोंड करून बसल्या, बोंद्रे दाराकडे. बोंद्र्यांची पिठाची गिरणी होती, त्यामुळे त्यांच्या भुवया कायम पांढऱ्या असत. सुभेदारही आला होता. तो दोघांच्या मधोमध फरशीवर आडवा झाला.

"सुभेदार रोज रस्ता ओलांडून कुठे जातो?" मी विचारलं.

बोंद्र्यांनी घसा खाकरला.

"माज्याकडं येतो, साहेब. मी गिरणी बंद करून टेंपू घेऊन येतो, तवा. जित्ता हुता तवा मी त्येला भाकरीचा कडका द्यायचो. त्येची त्येला सवय."

"म्हणजे मेल्यावरही तो रोज तुमच्या टेंपोसमोर येतो?"

"रोज. आता काय लागत न्हाई त्येला, चाकातनं आरपार जातो. पर मी थांबवतो टेंपू. रोज थांबवतो. मागची लोकं शिव्या घालत्यात."

काकूंची मान किंचित वळली. मला पुढचा प्रश्न विचारायची इच्छा नव्हती, पण नियमात तो होता.

"ज्या दिवशी तो गेला, त्या दिवशी साखळी कुणी सोडली होती?"

"ते कशाला आता?" बोंद्रे पटकन म्हणाले. "सुटली आसंल. कडी ढिली हुती."

"कडी ढिली नव्हती," काकू म्हणाल्या. "मी सोडली होती. रस्त्याच्या कडेला उभी राहून मीच सोडली. म्हटलं, एवढा ओढतोय, जाऊ दे. पूर्वी सोडतच होतो की आपण सगळे." त्यांनी पदर तोंडाला लावला. "यांनी हे पाहिलं होतं. सहा वर्षांत गावात कुणाला सांगितलं नाही."

"सांगून काय हुनार हुतं, वयनी? तुमी एकट्या."

काकू रडल्या. मीही खिडकीबाहेर बघितलं, खोटं कशाला सांगू? सुभेदार उठला, काकूंच्या पायाशी गेला आणि पुन्हा आडवा झाला.

"बोंद्रे साखळी तुम्हाला परत देतो म्हणाले, तर घ्याल?" मी काकूंना विचारलं.

"नाही. चंपीने माझं काय वाईट केलंय? आणि सुभेदाराचं नाव कमी करू नका हो साहेब. दिवसभरात माझ्याकडे तेवढाच येतो."

मी नियम पुन्हा वाचला. प्रत्येक कुत्र्याला साखळी हवी, असं त्यात होतं. एका साखळीला एकच कुत्रं हवं, असं कुठेही नव्हतं. मूठ मात्र मालकाच्या हातात हवी होती, आणि इथे कुत्री दोन, मालकही दोन. मी निर्णय दिला: साखळीला दुसरी कडी बसवावी, सुभेदार आणि चंपीला एकत्र फिरवावं, आणि मूठ दोघांनी मिळून धरावी.

"दोगांनी?" बोंद्रे म्हणाले.

"नियम आहे," मी म्हणालो.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी मी पाहणीला गेलो. बोंद्र्यांनी लोहाराकडून त्याच साखळीच्या एका दुव्याची कडी घडवून, बसवून आणली होती. टेंपो गिरणीवरच ठेवून ते पायी आले होते. कडी सुभेदाराच्या गळ्यात अडकली आणि बसली. चंपीने त्याला हुंगलं, तिला त्यात काही वेगळं वाटलं नाही. काकूंनी चामड्याची मूठ एका बाजूने धरली, बोंद्र्यांनी दुसऱ्या बाजूने, आणि दोघं अवघडून चालू लागले. नव्या नवरानवरीचीसुद्धा एवढी तारांबळ होत नसेल.

रस्ता आला तसा सुभेदार टेंपो रोज यायचा त्या दिशेने ओढू लागला. साखळी ताणली गेली, पण सुटली नाही. टेंपो काही येईना. तो रस्त्याकडे बघत उभा राहिला. मग बोंद्र्यांनी खिशातून भाकरीचा कडका काढला. सुभेदाराने मागे वळून पाहिलं. ज्याच्यासाठी तो रोज रस्ता ओलांडत होता, तो माणूस त्याच्या मागे, साखळी धरून उभा होता. सुभेदार रस्त्याकडे पाठ करून खाली बसला.

"उद्या ज्वारीची आणा," काकू म्हणाल्या. "बाजरी त्याला आवडायची नाही."

"व्हय, वयनी."

तक्रार निकाली निघाली. त्यानंतर बरीच वर्षं दिवेलागणीला ते चौघं त्या रस्त्याने जात, आणि गाव त्यावर घड्याळ लावत असे.

यथावकाश चंपी गेली. शेवटच्या क्षणी ती काकूंच्या ओसरीवर, काकूंजवळ होती, त्यामुळे साखळी रीतीप्रमाणे काकूंच्या घरी आली. संध्याकाळी चंपीही येऊ लागली. गेल्या हिवाळ्यात हणमंतराव गेले. ते आले नाहीत. मी दोन-तीन दिवस कोपऱ्यावर उभा राहून वाट पाहिली.

आता काकूंची नजर अधू झाली आहे, पण मूठ त्या पूर्वीसारखीच एका बाजूने धरतात. दुसरी बाजू रिकामी ठेवतात. माझ्याच जुन्या निर्णयाप्रमाणे मूठ दोघांनी धरावी लागते, आणि नवा निरीक्षक कडक आहे. म्हणून दिवेलागणीला मी जातो. जाताना खिशात भाकरीचा कडका घेतो, ज्वारीचा.